राष्ट्रीय फुटबॉल साखळी : स्वरूप आणि वाटचाल

फुटबॉलचा खेळ आपल्या देशाला नवा नाही. सिमल्याची ड्युरंड स्पर्धा १८८८ मध्ये सुरू झाली. तिच्या पाठोपाठ १८९१ मध्ये मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा व १८९३ मध्ये कलकत्त्याची आय. एफ. ए. ढाल यांचा प्रारंभ झाला. १९११ साली मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला नमवून ही ढाल जिंकली, तेव्हा त्या विजयाकडे केवळ खेळातील यश म्हणून कोणी पाहिले नाही. १९५१ आणि १९६२ या दोन आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकाविले. एवढी परंपरा पाठीशी असताना देशातील प्रमुख संघांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा मात्र १९९६ उजाडेपर्यंत अस्तित्वात आली नाही. ज्या वर्षी सिमल्यास ड्युरंड स्पर्धा सुरू झाली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बारा संघांची फुटबॉल लीग स्थापन झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा विलंब किती मोठा होता याची कल्पना येते.

बाद पद्धत आणि साखळी पद्धत

स्पर्धा भरविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बाद पद्धतीत पराभूत संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जातो. सोळा संघ असतील तर अवघ्या पंधरा सामन्यांत विजेता ठरतो आणि त्यांपैकी आठ संघ एकेकच सामना खेळून घरी परततात. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ अन्य प्रत्येक संघाशी खेळतो. दुहेरी साखळीत हा सामना एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा प्रतिपक्षाच्या मैदानावर होतो. दहा संघ असल्यास दुहेरी साखळीचे नव्वद सामने होतात, बारा संघ असल्यास एकशे बत्तीस. विजयास तीन गुण, बरोबरीस एक आणि पराभवास शून्य असा आजचा सर्वमान्य नियम आहे. पूर्वी विजयास दोनच गुण मिळत. बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघांना आक्रमक खेळास प्रवृत्त करावे म्हणून इंग्लंडने १९८१ मध्ये ते तीन केले व कालांतराने हा नियम सर्वत्र रूढ झाला.

साखळीचा खरा लाभ तिच्या दीर्घ मुदतीत आहे. एखाद्या दिवशीची चूक, पंचाचा एखादा निर्णय किंवा चिखलाने भरलेले मैदान यांमुळे संपूर्ण वर्षाचे कष्ट वाया जात नाहीत. खेळाडूला सात-आठ महिने सातत्याने खेळावे लागते, प्रशिक्षकाला नवोदितांना संधी देता येते आणि प्रेक्षकाला दर पंधरा दिवसांनी आपल्या गावात सामना पाहावयास मिळतो. शिक्षकबंधूंनी हा हिशेब तालुक्याच्या पातळीवर मांडून पाहावा. सहा शाळांचे संघ असले तर बाद पद्धतीने पाच सामन्यांत स्पर्धा आटोपते. एकेरी साखळीचे पंधरा सामने होतात, रोज तीन याप्रमाणे पाच रविवारांत ते पुरे होतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाच सामने येतात.

विलंबाची कारणे

मग राष्ट्रीय साखळी इतकी उशिरा का आली? देशाचा विस्तार आणि प्रवासाचा खर्च ही कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीही आहेत. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण संघांच्या घडणीत होते. कलकत्त्याचे मोठे संघ १८९८ पासून चालत आलेल्या आपल्या स्थानिक लीगमध्ये गुंतलेले असत. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स यांसारख्या उद्योगांचे, तर अन्यत्र रेल्वे, पोलीस व सार्वजनिक उपक्रमांचे संघ होते. खेळाडू हा त्या संस्थेचा नोकर असे. स्पर्धेपुरती रजा घेऊन खेळावे व पुन्हा कामावर रुजू व्हावे, ही त्याची रीत. अशा खेळाडूंना अर्धे वर्ष देशभर हिंडविणे कोणत्याही व्यवस्थापनास परवडणारे नव्हते. १९७७ मध्ये फेडरेशन चषक सुरू झाला आणि देशातील प्रमुख संघ एकत्र येऊ लागले. पहिल्याच वर्षी बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या संघाने मोहन बागानला हरवून तो जिंकला. पण ही स्पर्धाही थोड्या दिवसांची होती.

१९९६-९७ च्या मोसमात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नॅशनल फुटबॉल लीग सुरू केली. पहिल्या वर्षी बारा संघांचे दोन गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटातील पहिले चार संघ पुढील फेरीत खेळले. फगवाडा येथील कापडगिरणीचा जे. सी. टी. हा संघ पहिला विजेता ठरला व गोव्याचा चर्चिल ब्रदर्स उपविजेता. त्यानंतरच्या सात मोसमांपैकी सहांमध्ये मोहन बागान व ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन संघांनी प्रत्येकी तीनदा विजेतेपद मिळविले. अपवाद एकच, १९९८-९९ मध्ये जिंकलेला गोव्याचा साळगावकर.

गोव्याचे दशक

२००४-०५ पासून मात्र चित्र पार बदलले. त्या मोसमापासून २०१२-१३ पर्यंतच्या नऊ विजेतेपदांपैकी आठ गोव्याच्या संघांनी व उरलेले एक मुंबईच्या संघाने जिंकले. धेंपोने अर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली पाच वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा व साळगावकरने एकदा हा मान मिळविला. २००४-०५ मध्ये तर विजेता धेंपो आणि उपविजेता स्पोर्टिंग क्लब द गोवा, दोन्ही संघ एकाच राज्यातील होते. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत आहे, त्याने हे करून दाखविले.

हे यश योगायोगाने आले नव्हते. गोव्यात गावोगावी संघ आहेत. भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांत मुले चेंडू खेळतात आणि फेस्ताच्या निमित्ताने गावाच्या स्पर्धा भरतात. या पायावर राज्याची स्वतंत्र लीग उभी होती आणि खाण, जहाज व व्यापार या क्षेत्रांतील उद्योगघराण्यांनी तिच्यातील वरच्या संघांना वर्षानुवर्षे आश्रय दिला. खेळाडू गावाचा, संघ जवळच्या शहराचा व प्रेक्षक ओळखीचा, अशी ही रचना होती. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय साखळीच्या इतिहासातील सर्वांत अभ्यासनीय भाग हाच आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

मुंबईचे ते एकमेव विजेतेपद २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली मिळविले. १९६२ मध्ये स्थापन झालेला हा संघ पुढे चारच वर्षांनी, २०१० मध्ये, विसर्जित करण्यात आला. २०११ मध्ये पहिला राष्ट्रीय विजेता जे. सी. टी. हाही बंद झाला. जगातील अन्य देशांत माजी विजेते खालच्या श्रेणीत जातात, कर्जबाजारी होतात, पण सहसा नाहीसे होत नाहीत. कारण तेथे संघ नगराचा असतो. आपल्याकडे तो कंपनीचा होता आणि कंपनीच्या ताळेबंदात त्याला नफ्याची बाजूच नव्हती.

आय-लीग आणि सुपर लीग

दरम्यान २००७ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगची पुनर्रचना होऊन ती आय-लीग या नावाने दहा संघांनिशी सुरू झाली. संघांनी व्यावसायिक पद्धतीने चालावे, त्यांची स्वतःची युवा पथके असावीत, आशियाई महासंघाच्या अटी पूर्ण व्हाव्यात, असा त्यामागील हेतू होता. २०१० च्या डिसेंबरात महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांच्या कराराने एका खाजगी भागीदाराकडे सोपविले. या करारातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा जन्म झाला.

सुपर लीगची घडण निराळी होती. खेळाच्या मैदानावर मिळविलेल्या पात्रतेऐवजी ठरावीक शुल्क भरून शहराचे हक्क घेणाऱ्या आठ संघांची ही स्पर्धा. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कलकत्त्यात आरंभ आणि २० डिसेंबरला नवी मुंबईत अंतिम सामना, असा पहिला मोसम सत्तर दिवसांत संपला. प्रत्येक संघ साखळीत चौदा सामने खेळे, पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात व अंतिम सामन्यातील विजेता चषक नेई. म्हणजे साखळीच्या शेवटी पुन्हा बाद पद्धत. साखळीत अव्वल राहिलेल्या संघाला आरंभी कोणताच स्वतंत्र बहुमान नव्हता. तो ढालीच्या रूपाने २०१९-२० मध्ये आला. त्या वर्षी एफ. सी. गोवा अव्वल ठरला व त्या बळावर २०२१ मध्ये आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ झाला. ढाल एकाची आणि चषक दुसऱ्याचा, ही व्यवस्था सामान्य प्रेक्षकास संभ्रमात टाकते, हे नमूद केले पाहिजे. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये आणि मोहन बागानने २०२४-२५ मध्ये दोन्ही मिळविले, तेव्हा तो संभ्रम आपोआप मिटला.

सुपर लीगने काही चांगले निश्चित केले. प्रक्षेपण सुधारले, खेळाडूंचे वेतन वाढले, कोचीसारख्या शहरांत अफाट प्रेक्षक जमले. मैदानावर एकावेळी सहा परदेशी खेळाडू असत, ते २०१७-१८ मध्ये पाच व २०२१-२२ मध्ये चार झाले, त्यामुळे भारतीय खेळाडूंना अधिक वाव मिळाला. परंतु काही वर्षे देशात दोन लीग समांतर चालल्या आणि अव्वल कोणती, हा वाद धुमसत राहिला. सुपर लीगलाच प्रथम श्रेणीचा दर्जा देण्याची योजना २०१६ मध्ये पुढे येताच साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व नंतर धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. साखळीला सर्वाधिक विजेते देणाऱ्या राज्याचे तीन संघ एका वर्षात राष्ट्रीय पटावरून गेले.

त्यांच्या जाण्याने झालेल्या रिकाम्या जागेची कथा मोठी विलक्षण आहे. मिझोरमचा ऐझॉल एफ. सी. हा संघ २०१५-१६ मध्ये खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे संघ बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेण्यात आले. मुंबईच्या मैदानांवर ज्यांची कारकीर्द घडली, ते खालिद जमील त्याचे प्रशिक्षक झाले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे शेवटच्या सामन्यात १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने सदतीस गुणांसह, मोहन बागानहून एका गुणाने पुढे राहून, राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ईशान्य भारतातील संघाने हा मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

बढती आणि अवनती

ऐझॉलसारखा संघ वर येऊ शकतो की नाही, हा साखळीच्या रचनेतील कळीचा प्रश्न होय. जगात बहुतेक ठिकाणी तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात व तेथील अव्वल संघ वर येतात. त्यामुळे लहान गावाच्या संघालाही शिखराची वाट खुली राहते आणि तळाच्या सामन्यांतही चुरस टिकते. शुल्क भरून आलेल्या संघांच्या साखळीत मात्र ही वाट बंद असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या मध्यस्थीने एक आराखडा ठरला. त्यानुसार २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्यास बढती मिळावयाची होती आणि २०२४-२५ पासून अवनतीही लागू व्हावयाची होती. पहिला भाग अमलात आला. पंजाबचा संघ व त्याच्या पुढील वर्षी कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग वर आले आणि साखळी तेरा संघांची झाली. दुसरा भाग २०२४-२५ मध्ये कागदावरच राहिला.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर गेल्या वीस वर्षांत महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफ. सी., पुणे एफ. सी., डी. एस. के. शिवाजियन्स, पुणे सिटी असे अनेक संघ राष्ट्रीय साखळीच्या वरच्या पायरीवर आले आणि गेले. पुणे एफ. सी. तर २०१२-१३ मध्ये उपविजेता होता. २०२४-२५ च्या मोसमात या राज्यातून केवळ मुंबई सिटी उरला. याउलट कोल्हापुरात तालमींचे व मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यानपिढ्या स्थानिक लीग खेळत आहेत. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या नावांमागे पेठा उभ्या असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. या संघांपैकी एकही राष्ट्रीय साखळीच्या वरच्या श्रेणीत पोचलेला नाही.

२०१० चा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपुष्टात आला. तत्पूर्वीच, जुलैमध्ये, आयोजकांनी पुढील मोसम स्थगित केला होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये महासंघाच्या नव्या घटनेस मान्यता दिली. पण व्यापारी हक्कांसाठी मागविलेल्या निविदेस नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. अखेर केंद्र शासनाच्या पुढाकाराने जानेवारी २०२६ च्या आरंभी चौदा संघांची एकेरी साखळी १४ फेब्रुवारीपासून खेळविण्याचे जाहीर झाले. सामन्यांची संख्या एक्याण्णव ठरली. पूर्ण दुहेरी साखळी झाली असती तर ती एकशे ब्याऐंशी भरली असती.