सारखी गाडी, सारखी संधी?

सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी दिली की शर्यतीत पैशाचा प्रश्न उरत नाही, असे हुडकोतील माझे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतील स्पेक मियाटा वर्गात इंजिन मूळचेच लागते. तरी काही जण नियमाच्या मापात बसणारे निवडक भाग जोडून महागडे इंजिन बांधून घेतात. नियम मोडत नाही, अंतर मात्र पडते. स्पेक रेसर फोर्डमध्ये इंजिनच सीलबंद असते. आपल्याकडे २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला (पोलो म्हणजे आपल्या चाकणची!), त्यात गाड्यांची देखभाल आयोजकांकडे होती. पण ज्याच्याकडे पैसा, तो ट्रॅकवर सरावाला जास्त दिवस जातो. ते दिवसही सर्वांना मोजूनच द्यायला हवेत.