बंधु मिळविणें : मत्तय, अध्याय १८ वा

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपल्या मंडळ्यांत बहुधा दोन तुकडे करून वाचिला जातो. आरंभीं प्रभूनें लेंकरास शिष्यांच्या मध्यें उभें केलें, तो भाग मुलांच्या उपासनेच्या वेळीं. आणि शेवटचा निर्दय चाकराचा दाखला क्षमेवर उपदेश असेल तेव्हां. परंतु अध्याय एकच आहे, आणि तो एका बैठकींत वाचावा अशी खेड्यांतील उपदेशक बंधूंस विनंति आहे. लेंकरूं मध्यें उभें केलें, आणि त्याच बोलण्याच्या ओघांत पेत्र विचारतो कीं, बंधूला किती वेळां क्षमा करावी ?

पेत्राचा आंकडा सात होता. तो कांहीं लहान नव्हता. प्रभूनें तो सत्तर पटींनीं वाढविला. कित्येक तेथें सत्याहत्तर असेंही वाचितात. उत्पत्तीच्या चवथ्या अध्यायांत लामेखानें सत्याहत्तरपट सुडाची बढाई मारिली आहे. सुडाचा तो हिशेब प्रभूनें येथें उलटा फिरविला असें पुष्कळ टीकाकार मानितात. ४९० पर्यंत भिंतीवर रेघा ओढीत बसावें हा हेतु खास नव्हे.

आतां दाखल्यांतील रकमा पाहा. मूळ ग्रीक ग्रंथांत राजाचें ऋण १०,००० तालांत, आणि सोबत्याचें १०० दीनार आहे. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २० : २), आणि एका तालांताचे सुमारें ६,००० दीनार होत. म्हणजे सोबत्याकडे शंभर दिवसांची मजुरी येणें होती. ती थोडी नव्हे. ज्यानें खुरपें हातीं धरिलें आहे त्यास हें कळतें. परंतु राजाचें ऋण ६ कोटि दिवसांच्या मजुरीचें ! वर्षाचे ३०० दिवस काम धरिलें तरी फेडावयास दोन लक्ष वर्षें लागतील. आपण सर्व फेडूं असें हा चाकर राजास म्हणतो, ह्याचें मला नेहमीं नवल वाटतें.

मग ह्या हिशेबांत लेंकराचें काय काम ? गेल्या हिवाळ्यांत हरभऱ्यास पाणी चाललें असतां माझी सहा वर्षांची नात आणि शेजाऱ्याचा मुलगा पाटाच्या कडेस ओल्या मातीचीं वावरें करून खेळत होतीं. चार चार बोटांचे बांध घातले होते. मुलाचा पाय पडून तिचा बांध फुटला आणि तिचें सर्व पाणी त्याच्या वावरांत गेलें. मोठें रडणें झालें, कट्टी झाली, आणि ती लिंबाखालीं माझ्याजवळ येऊन पाठ फिरवून बसली. अर्धी घटका झाली नाहीं तों ती पुन्हां तिकडे निघाली. मीं विचारिलें, “अगं, त्यानें तुझा बांध फोडला ना ?” ती म्हणाली, “हो आजोबा, फोडला. पण मी एकटी कशी खेळूं ?”

अपराध तिनें झांकला नाहीं. तिला सोबती हवा होता. १५ व्या वचनांत प्रभु हेंच सांगतो : अपराधी बंधूनें ऐकिलें तर वाद जिंकला असें तेथें म्हटलेलें नाहीं, बंधु मिळाला असें म्हटलें आहे.

लेंकराचें दुःख लवकर ओसरतें, मोठ्यांचें तसें नसतें, हें खरें. योसेफाला भावांनीं विकलें तें तो विसरला नव्हता. तें बोलून दाखवूनच त्यानें त्यांस पोसलें. म्हणून ज्यास खरा अन्याय सोसावा लागला त्यास ‘विसरून जा’ एवढेंच सांगून उपदेशकानें उठूं नये. प्रभूनें वाट घालून दिली आहे : प्रथम एकट्यानें जावें, मग एकदोघांस घेऊन, आणि शेवटीं मंडळीस कळवावें. आमच्या खेड्यांत हा क्रम नेमका उलटा चालतो. प्रथम पाणवठ्यास कळतें, मग पारावर, मग पाळकसाहेबांस, आणि ज्याच्याशीं तंटा त्यास सर्वांच्या शेवटीं.

आमच्या मंडळींत दोघे सख्खे भाऊ दोन हात बांधासाठीं तीन वर्षें बोलत नव्हते. प्रभुभोजनास एक आला कीं दुसरा घरीं राही. हा अध्याय सलग वाचून झाल्यावर त्याच आठवड्यांत थोरला एका संध्याकाळीं एकटाच धाकट्याकडे गेला. काय बोलणें झालें तें कोणास ठाऊक नाहीं, आणि कोणीं विचारूंही नये. बांधाची सरकारी मोजणी अद्याप व्हावयाची आहे. मोजणीदार येईल त्या दिवशीं त्याचें व दोन्ही घरांचें जेवण धाकट्याच्या ओसरीवर ठरलें आहे.