एकी कोणती आणि संगनमत कोणते?
(स्पर्धा कायदा आणि ऊस उत्पादक सभासद)



लागणीच्या हंगामाआधी आपल्या गटवार बैठका होतात. बेणे, बेणेप्रक्रिया, हुमणी, ठिबक हे तिथले नेहमीचे विषय. पण अडावदकडच्या एका बैठकीत एक वडीलधारे सभासद उठले आणि त्यांनी वेगळाच प्रश्न टाकला, "साहेब, दोन्ही कारखानास्ना भाव एकच कसा? आपसमा ठराईसन ठेवतस का?" सगळी मंडळी हसली. मीही हसलो आणि विषय पुढे नेला. घरी आल्यावर मात्र वाटले, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यावर देशात आणि परदेशातही मोठमोठे खटले चालले आहेत, आणि त्यातले काही तर साखरेचेच आहेत. म्हणून या अंकात खत-पाण्याचा विषय बाजूला ठेवून त्या नानांना उत्तर देतो.

उसाला दम नसतो

हरभरा किंवा कापूस भाव नसेल तर घरात ठेवता येतो. उसाचे तसे नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला तर बरा. पुढे वजन घटते, उताराही घटतो. त्यामुळे उसाला गिऱ्हाईक जवळचेच लागते. त्यातच केंद्र सरकारने 2006 मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर असावे असा नियम केला. महाराष्ट्र शासनाने ते 25 किलोमीटर केले. कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा आणि उगाच कारखाने वाढून सगळेच आजारी पडू नयेत हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण परिणाम असा की शेतकऱ्याच्या शिवाराभोवती एक किंवा फार तर दोन-तीनच गिऱ्हाइके राहतात. ही दोन-तीन गिऱ्हाइके आपसात बोलली की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही.

आपल्या भागात केळीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. भाव जाहीर होतो, तो सर्वांना कळतो, यात गैर काही नाही. जाहीर भाव पाहून एखाद्याने आपला भाव ठरवला तर तो गुन्हा नव्हे. पण "या आठवड्यात कुणी याच्या वर जायचे नाही" असे खरेदीदारांनी आपसात ठरवले, की ते संगनमत झाले. उसालाही हाच न्याय.

कायदा काय म्हणतो

पूर्वी आपल्याकडे 1969 चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायदा होता. मूळ कायद्यात सहकारी संस्थांचे उद्योग त्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. त्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांचा समज आहे की सहकाराला हे कायदे लागत नाहीत. आता तसे राहिलेले नाही. 2002 मध्ये स्पर्धा कायदा झाला आणि संगनमतावर कारवाईची त्यातील कलमे 20 मे 2009 पासून लागू झाली. या कायद्याच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. दिल्लीतील भारतीय स्पर्धा आयोग त्याची अंमलबजावणी करतो.

कायद्याने चार गोष्टींवर विशेष बोट ठेवले आहे :

1) एकमेकांचे स्पर्धक असणाऱ्यांनी खरेदीचा किंवा विक्रीचा भाव आपसात ठरवणे.
2) उत्पादन किंवा पुरवठा ठरवून कमी करणे.
3) गिऱ्हाईक किंवा मुलूख वाटून घेणे, म्हणजे "तो तालुका तुझा, हा माझा".
4) निविदा भरताना आधीच ठरवून भाव टाकणे.

पहिल्या मुद्द्यातील "खरेदीचा" हा शब्द आपण अधोरेखित करावा. विकणाऱ्यांनी भाव चढवला तरच गुन्हा असे नाही. घेणाऱ्यांनी मिळून भाव पाडला तरी तो गुन्हाच. दंड किरकोळ नाही. संगनमत जितकी वर्षे चालले त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यापैकी जे जास्त असेल तिथपर्यंत आयोग दंड करू शकतो. जो आधी येऊन खरे सांगेल त्याला सूट मिळते. फौजदारी खटल्यात माफीचा साक्षीदार असतो, तसाच हा प्रकार.

साखरेचा पहिला खटला

या कायद्यांची आजी म्हणजे अमेरिकेचा 1890 चा शर्मन कायदा. त्याखाली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जे पहिले मोठे प्रकरण गेले ते साखरेचेच होते. अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीने 1892 मध्ये फिलाडेल्फिया शहरातील चार साखर शुद्धीकरण कारखाने विकत घेतले आणि देशातील सुमारे 98 टक्के शुद्धीकरण एका हाती आले. सरकार न्यायालयात गेले आणि 1895 मध्ये हरले. साखर तयार करणे म्हणजे व्यापार नव्हे, असा तेव्हा न्यायालयाने अर्थ लावला. पुढे कायद्याला धार आली. पण लहान शेतकरी एकत्र आले तर त्यांनाही हाच बडगा दाखवायचा का, असा प्रश्न निघाला. तेव्हा अमेरिकेने 1922 मध्ये वेगळा कायदा करून शेतकऱ्यांना एकत्र येऊन माल विकण्याची मुभा दिली. विखुरलेल्या शेतकऱ्याची एकी आणि बड्या कंपन्यांची मक्तेदारी एका तराजूत घालता येत नाहीत, हे त्यांनी मान्य केले. मात्र ही मुभाही मोकाट नाही. सहकारी संस्थेने आपल्या ताकदीने दुसऱ्याचा धंदा बुडवायचा प्रयत्न केला तर तिलाही कायदा लागतो, असे त्याच न्यायालयाने 1960 मध्ये दूध उत्पादकांच्या एका संस्थेच्या प्रकरणात सांगितले.

जर्मनीतील शेतकऱ्यांचा दंड

आता दुसरे उदाहरण, आणि ते आपल्याला जास्त लागू आहे. जर्मनीत साखर बीटपासून होते. तिथल्या स्पर्धा कार्यालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये तीन बड्या साखर कंपन्यांना मिळून सुमारे 28 कोटी युरो दंड केला. त्यांनी मुलूख वाटून घेतला होता. प्रत्येकाने आपापल्या कारखान्यांच्या भागात साखर विकायची, दुसऱ्याच्या भागात फारसे शिरायचे नाही, असा वर्षानुवर्षांचा समझोता होता.

यातील सर्वात मोठी कंपनी झ्यूडत्सुकर. तिच्या वाट्याला 19 कोटी 55 लाख युरो आले. या कंपनीचे निम्म्याहून जास्त भांडवल बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे आहे. म्हणजे समझोता केला वरच्या टेबलावर बसणाऱ्यांनी आणि दंडाचा मोठा हिस्सा शेवटी गेला बीट पिकवणाऱ्यांच्या भांडवलातून. त्या शेतकऱ्यांना तेव्हा कुणी विचारले नसेल. सभासदाने "हे संचालक मंडळाचे काम, आपल्याला काय करायचे" असे म्हणू नये ते याचसाठी.

आपल्याकडचे इथेनॉलचे प्रकरण

आपल्या देशातही असे झाले. तेल कंपन्यांनी जानेवारी 2013 मध्ये पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल खरेदीची संयुक्त निविदा काढली. काही कारखान्यांनी संगनमताने भाव भरले अशी तक्रार आयोगाकडे गेली. आयोगाने सप्टेंबर 2018 मध्ये 18 साखर कारखाने आणि दोन संघटना यांना मिळून सुमारे 38 कोटी रुपये दंड केला. दंड संघटनांनाही झाला, हे लक्षात घ्यावे. बैठक संघटनेच्या नावाने बोलावली म्हणून भावाची बोलणी पवित्र होत नाहीत. कारखाने अपिलात गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवले. म्हणून त्या कारखान्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण काळाचा हिशेब पाहा. निविदा 2013 ची, आदेश 2018 चा, तो रद्द झाला 2023 मध्ये. दहा वर्षे! आपल्या उसाला चोवीस तास दम नाही, आणि खटल्याला दहा वर्षे लागतात. कायदा हवाच, पण कायदा येऊन आपले बिल काढून देईल या भरवशावर बसता येत नाही.

मग भाव एकच कसा?

आता नानांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एफआरपी हा भाव कारखाने ठरवत नाहीत, केंद्र सरकार ठरवते. तो ठरवणे संगनमत नव्हे. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये दर जाहीर झाला. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलला 3 रुपये 46 पैसे वाढतात, घटला की तितकेच कमी होतात. (साडेनऊच्या खाली मात्र 329 रुपये 5 पैशांपेक्षा दर उतरत नाही.) समजा एका कारखान्याचा उतारा 10.25 आणि दुसऱ्याचा 9.75 आहे. दुसऱ्याची एफआरपी क्विंटलला 17 रुपये 30 पैशांनी कमी, म्हणजे टनाला 3,377 रुपये होईल. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि तिचा खर्चही प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. उतारा वेगळा, तोडणी-वाहतूक वेगळी, तर किमान दरही वेगळा यायला हवा. आणि दोन कारखान्यांचा आकडा रुपया-पैशासह एकच आला, तर कारण विचारायला हवे. कारण साधेही असू शकते. शेजाऱ्याने जास्त उचल जाहीर केली म्हणून ऊस जाऊ नये यासाठी दुसऱ्यानेही तेवढीच केली असेल. ती स्पर्धाच झाली, त्यात सभासदाचा फायदा. पण कारण विचारल्याशिवाय कळत नाही. एफआरपी ही तळाची पायरी आहे. त्या पायरीच्या वर किती द्यायचे यातच कारखान्या-कारखान्यांची खरी स्पर्धा असते, आणि संगनमत झाले तर तेही तिथेच होते.

एकी आणि संगनमत

मग आपण हजारो सभासद मिळून कारखाना चालवतो, ते काय? ते संगनमत नव्हे. एका छताखाली, एका पोटनियमाने, भागभांडवल घालून आपण एक घर झालो. घरातली माणसे एकत्र बसून आपल्या मालाचा विचार करतात, ती एकी. सभासदाने करार केलेला ऊस आपल्याच कारखान्याला द्यायचा, हेही त्या घराचे बंधन. पण दोन वेगळी घरे, बाहेर लोकांना दोन दुकाने दाखवतात आणि मागच्या दाराने एकच भाव ठरवतात, ते संगनमत. "विना सहकार नाही उद्धार" हे खरे, पण सहकाराच्या नावाखाली मागचे दार उघडायला ती घोषणा नाही.

हा नियम आम्हा कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वेगवेगळ्या कारखान्यांचे शेतकी अधिकारी प्रशिक्षणाला, परिसंवादाला एकत्र येतात. हुमणीवर कोणता उपाय लागू पडला, कोणत्या वाणाचा खोडवा चांगला येतो, हे एकमेकांना जरूर सांगावे. पण चहाच्या वेळी "तुमची पहिली उचल किती ठरतेय?" असा विषय निघाला, तर कप खाली ठेवून उठावे. मी स्वतः हे पाळायचे ठरवले आहे.

सभासदांनी काय करावे

1) ऊस नोंद, करार, वजनाची पावती आणि बिल हे चारही कागद एका पिशवीत जपून ठेवावेत.

2) शेजारच्या कारखान्याशी तुलना करताना नुसता जाहीर भाव पाहू नये. उतारा किती आणि तोडणी-वाहतूक किती कापली, हेही विचारावे.

3) ऊस पुरवल्यापासून 14 दिवसांत एफआरपीप्रमाणे रक्कम मिळणे आणि उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज, ही तरतूद ऊस नियंत्रण आदेशातच आहे. ती ध्यानात असू द्यावी.

4) वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न लेखी द्यावा. तोंडी प्रश्न गोंधळात विरतो, लेखी प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

5) संगनमताचा फटका आपल्या कारखान्यालाही बसतो हे विसरू नये. बारदान, चुना, गंधक यांची खरेदी किंवा मळी, बगॅस यांची विक्री निविदेने होते. तीन निविदा एकाच हस्ताक्षराच्या, एकाच चुकीच्या, किंवा दरवर्षी पाळीपाळीने एकेकाला जाणाऱ्या दिसल्या, तर संचालकांनी आणि सभासदांनीही शंका घ्यावी.

6) पुरावा हाती असेल तर कोणतीही व्यक्ती किंवा सहकारी संस्था स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. 2023 च्या दुरुस्तीने त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत घातली आहे. नुसत्या ऐकीव गोष्टीवर मात्र जाऊ नये. निरपराध माणसाचे नाव खराब होते आणि आपलाही वेळ जातो.

असो. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली, त्याबद्दल नानांची क्षमा मागतो. असा प्रश्न विचारणारा सभासद कारखान्याचा विरोधक नसतो, राखणदार असतो. पुढच्या गट बैठकीत बेणेप्रक्रियेनंतर अर्धा तास याच विषयासाठी ठेवला आहे. मागच्या हंगामाचे बिल आणि पावत्या सोबत आणाव्यात, हिशेब तिथेच मांडून पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी