लॅपटॉप मंद झाला म्हणून खर्च करण्यापूर्वी

आमच्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे पूर्वी अर्ज येत ते फीसाठी व पुस्तकांसाठी. अलीकडे त्यांत लॅपटॉपची भर पडली आहे. २०२० साली शाळा-महाविद्यालये घरांत आली, तेव्हा बहुतेक कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे स्वस्तातले यंत्र घेतले. तीच यंत्रे आता कुरकुरू लागली आहेत. अर्जातील मजकूरही बहुधा एकच असतो : “लॅपटॉप फार मंद चालतो, रॅम वाढविण्यास साहाय्य मिळावे.” हे निदान कोणी केले म्हणून विचारावे, तर मित्राने किंवा शेजाऱ्याने, असे उत्तर मिळते.

आम्हीही एकदा अशाच निदानावर विसंबलो. डबे करून देणाऱ्या एका भगिनींचा मुलगा वाणिज्य शाखेत शिकत होता. त्याच्या यंत्रात ४ जीबी मेमरी होती. निम्मे पैसे निधीने दिले, निम्मे त्या बाईंनी डब्यांच्या उत्पन्नातून घातले, आणि ८ जीबीची आणखी एक पट्टी बसविली. आठ दिवसांनी मुलगा पुन्हा दारात उभा ! यंत्र सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो, असे तो म्हणाला. दोष त्याचा नव्हता. न तपासता मंजुरी दिली ती आम्ही. तेव्हापासून आम्ही जे शिकलो, ते येथे देत आहो.

मेमरी, म्हणजेच रॅम, हा स्वयंपाकघरातील ओटा समजावा, आणि डिस्क ही कोठीची खोली. ज्या कामाला हात घातला त्याचे सामान कोठीतून ओट्यावर येते. ओटा लहान असला की नवे सामान मांडण्यासाठी जुने कोठीत परत न्यावे लागते, आणि लगेच पुन्हा आणावे लागते. म्हणून अडचण ओट्याची की कोठीची, हे आधी पाहिले पाहिजे. त्या मुलाच्या यंत्रात कोठीच जणू तिसऱ्या मजल्यावर होती. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी फिरते; लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. विखुरलेली माहिती उचलण्याच्या अशा खेपा सेकंदाला शंभरही धड होत नाहीत. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे तेथे त्याच खेपा हजारोंनी होतात. ओटा कितीही रुंद केला, तरी सकाळी पहिल्यांदा सारे सामान त्या जिन्यावरूनच खाली यावयाचे !

हे तपासण्यास कारागीर लागत नाही. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. मात्र यंत्र सुरू केल्याबरोबर पाहू नये. त्या वेळी नाना प्रकारची अद्ययावतीकरणे चालू असतात. दहा मिनिटे जाऊ द्यावीत. मग रोज जे उघडता तेच उघडावे : ब्राउझरची नेहमीची पाने, वर्गाचा व्हिडिओ, हिशेबाची फाईल. एरवी कधी न उघडणारे दहा कार्यक्रम परीक्षेपुरते उघडण्यात अर्थ नाही. आता परफॉर्मन्स या भागात आकडे पाहावेत. डिस्क हार्ड डिस्क असून वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल आणि मेमरी निम्मी मोकळी असेल, तर मेमरी घेऊ नये, एसएसडी घ्यावी. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ती वाढविण्यात अर्थ आहे. घरगुती कामाला ८ जीबी पुरते, असा आमचा अनुभव आहे. दोन्ही आकडे शांत आणि सीपीयू मात्र १०० टक्के, असे दिसले तर हात आवरावा. स्वस्त लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावरच जोडलेला असतो, तो बदलत नाही. पंख्यात धूळ बसून यंत्र तापले तरी प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. साफसफाईने काम भागत असेल तर तेवढेच करावे. आणि साठविलेली फाईल चटकन उघडते, पण संकेतस्थळ रेंगाळते, असे असेल तर दोष बहुधा इंटरनेटच्या जोडणीचा असतो, लॅपटॉपचा नव्हे.

कित्येकदा बरोबर सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम बंद केले तरी पुष्कळ फरक पडतो. ते टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप या भागात बंद करता येतात, आणि त्याला दमडी पडत नाही.

सुटे भाग घेताना नमुन्याचा पूर्ण क्रमांक घेऊन जावे. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या खाचेत बसत नाही. काही यंत्रांत मेमरीला खाचच नसते. ज्यात ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असते, तीही डाखलेली असते. एम.२ प्रकारच्या एसएसडी दिसावयास सारख्या, पण साटा व एनव्हीएमई हे त्यांतील दोन निराळे प्रकार आहेत. डिस्क बदलण्यापूर्वी फोटो, दाखले, हिशेब यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले, म्हणून “असू दे जास्त” असे म्हणून मोठी पट्टी घेणे परवडणारे नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. यंत्र त्याहून जुने असेल तर एसएसडी घालून त्यावर लिनक्स चालविता येते. मात्र महाविद्यालयाला लागणारा कार्यक्रम लिनक्सवर चालतो की नाही, हे आधी विचारावे. न चालल्यास जुन्यावर खर्च करू नये.

त्या मुलाच्या यंत्रात पुढे २५६ जीबीची एसएसडी बसविली; या वेळी सर्व खर्च निधीने सोसला. यंत्र आता अर्ध्या मिनिटात सुरू होते आणि आईच्या डब्यांचा हिशेबही त्यावरच लिहिला जातो. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून फोटोंसाठी ठेवली आहे. निधीच्या अर्जात आम्ही आता तीन रकाने वाढविले आहेत : नेहमीचे काम चालू असताना मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के, सीपीयू किती टक्के. अर्जदारांनी ते भरून आणावेत. जमत नसेल तर रविवारी सकाळी यंत्र व त्याचा चार्जर घेऊन कार्यालयात यावे; आपण मिळून पाहू.