समुद्रविद्येचें अध्यासन

भूगोलाच्या तासास महासागरांचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, “सर, आपल्या जालन्याला समुद्र नाहीं. मग त्याचा अभ्यास आपण कशाला करावयाचा?” वर्गांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईचा किनारा येथून लोहमार्गानें ४०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे, हें खरें. तथापि आपल्या शेतांवर पडणारा पाऊस समुद्राचाच आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे आपल्या जलभाराचा मोठा वांटा सह्याद्रीवर रिता करितात. उरलेला मराठवाड्याच्या पदरीं पडतो. बंगालच्या उपसागरांतून येणारीं कमी दाबाचीं क्षेत्रेंहि आपल्याकडे पाऊस आणितात. फार काय, दूरच्या प्रशांत महासागराचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलें, कीं आपला पावसाळा पुष्कळदां दुबळा होतो. या तापण्यास ‘एल निनो’ म्हणतात. २०१५ सालीं तो प्रबळ होता, आणि त्या वर्षीं मराठवाड्यानें दुष्काळ सोसला. समुद्राची नाडी ओळखणारा मनुष्य आपल्या मोसंबीच्या बागेचाहि वैद्य होय.

मग हा अभ्यास करावा कोणीं, आणि त्याचा खर्च सोसावा कोणीं? समुद्र आपलीं गुपितें एका हंगामांत सांगत नाहीं. वर्षानुवर्षें मोजमापें घ्यावीं लागतात, व त्यांतून पैसा मिळेलच अशी हमी नसते. अशा विद्येसाठीं विद्यापीठांत ‘अध्यासन’ स्थापितात. कोणी दाता विद्यापीठास मोठी रक्कम देतो. विद्यापीठ मुद्दलास हात न लावतां तिच्या उत्पन्नांतून एका प्राध्यापकाचें वेतन व संशोधनाचा खर्च चालवितें. समजा, १ कोटि रुपये शेंकडा ६ दरानें गुंतविले, तर वर्षास ६ लक्ष रुपये येतील. महागाई वाढतच असते, म्हणून त्यांपैकीं कांहीं भाग सुज्ञ विश्वस्त मुद्दलांत परत घालतात. प्राध्यापक निवृत्त होतो, दाता कालवश होतो. पण अध्यासन राहतें. जालना तर बियाण्यांचें शहर. दुष्काळांतहि बियाण्याची कणगी फोडूं नये, हें आपल्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. मुद्दल हें तसलेंच बियाणें होय.

इंग्लंडांत लिव्हरपूल विद्यापीठांत विल्यम हर्डमन हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी जेन या आल्फ्रेड होल्ट या जहाजमालकाच्या कन्या. त्यांचा मुलगा जॉर्ज १९१६ सालीं महायुद्धांत कामास आला. त्याच्या स्मरणार्थ त्या दांपत्यानें प्रथम भूशास्त्राचें अध्यासन स्थापिलें, आणि १९१९ सालीं समुद्रविद्येचेंहि. या दुसऱ्या पदावर आरंभीं हर्डमन स्वतः बसले, व पुढील वर्षीं तें त्यांनीं दुसऱ्यास मोकळें करून दिलें. आपला पुत्र गेला, पण परक्यांच्या पुत्रांस ज्ञानाची वाट त्यांनीं खुली केली.

आपल्या देशांतील उदाहरणहि तितकेंच बोधप्रद आहे. तारकनाथ पालित या बॅरिस्टरांनीं १९१२ सालीं कलकत्ता विद्यापीठास आपली संपत्ति दिली. तींतून निघालेल्या पदार्थविज्ञानाच्या अध्यासनावर १९१७ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन आले; त्यासाठीं त्यांनीं सरकारी हिशेबखात्यांतील अधिक पगाराची नोकरी सोडिली. १९२१ सालीं विलायतेहून बोटीनें परततांना समुद्राची निळाई त्यांच्या मनांत भरली. ती आकाशाचें प्रतिबिंब होय, असें तेव्हां मानीत. रामन यांनीं एका लहानशा लोलकांतून पृष्ठभागावरील प्रतिबिंब वगळून पाहिलें, तों निळाई कायमच! पाणी स्वतःच प्रकाश विखुरतें, हें त्यांनीं ओळखिलें. त्याच विचाराच्या वाटेनें पुढें २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं ‘रामन परिणाम’ हातीं आला, व १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पालित यांनीं समुद्रासाठीं कांहीं दिलें नव्हतें. त्यांनीं एका विद्वानास निश्चिंत वेळ दिला. उत्तर कोणतें यावें, हें दात्यानें ठरवूं नये, हाच येथील धडा.

आपल्या किनाऱ्यावरहि अशीं कामें झालीं आहेत. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उभें राहिलें, त्यास एका पारशी दात्याच्या २ लक्ष रुपयांचें साहाय्य होतें. गोव्यांत दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालापासून हिंदी महासागराचा शोध घेत आहे. इमारत सर्वांस दिसते. अध्यासन डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्याचें मोल समजावून सांगावें लागतें.

पालकांस आमची एवढीच विनंति, कीं मुलाने आडवाटेची विद्या मागितली, तर “पोट कसें भरेल?” या एकाच प्रश्नानें त्याचें तोंड बंद करूं नये. आणि त्या विद्यार्थ्याचें काय झालें? आम्हीं त्याच्या स्वाधीन शाळेचें पर्जन्यमापक व एक वही केली. पावसाळाभर दररोज सकाळीं तो माप घेऊन आंकडा लिहीत असे. कोरड्या दिवसांचीं शून्येंहि त्यानें गाळलीं नाहींत.