कॉफीची भाजणी : मोठा घाणा व लहान घाणा

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात, तसेच कर्नाटकातील चिकमगळूर व कोडगू या भागांत कॉफीची लागवड होते. बागायतदाराचे बी ग्राहकापर्यंत मुख्यतः दोन मार्गांनी पोहोचते.

मोठ्या कारखान्यात अनेक बागांचे बी एकत्र करून बहुधा गडद भाजतात. त्यात पुष्कळदा चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची भुकटी मिसळतात. त्यामुळे किंमत आटोक्यात राहते व चव वर्षभर सारखी लागते. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी, असा भारतात नियम आहे.

लहान घाण्यात एकाच बागेचे बी थोडे थोडे भाजून लवकर विकतात. कारण भाजलेल्या बियांचा सुगंध काही आठवड्यांत उणावतो. भाजणी बहुधा सौम्य असल्याने बागेचा मूळ स्वाद कळतो. परंतु कच्च्या फळाचा तुरटपणा व ओलसर साठवणीचा कुबट वासही झाकला जात नाही. म्हणून या मार्गाने माल विकणाऱ्याने पुढील काळजी घ्यावी :

(१) पूर्ण पिकलेली फळेच खुडावीत.
(२) फळे पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी काढावीत.
(३) ओलावा सुमारे १० ते १२ टक्के उरेपर्यंत बी वाळवावे.
(४) प्रत्येक तोड्याचा माल निराळा ठेवावा.

स्वतः भाजून विकावयाचे असल्यास हिशेब आधी करावा. १०० किलो कच्चे बी भाजल्यावर सुमारे ८० ते ८५ किलो भरते. ही घट, इंधन व वेष्टन यांचा खर्च किमतीत न धरल्यास वाढीव भाव मिळूनही तोटा होण्याचा संभव असतो. ग्रामसेवकांनी ही गोष्ट बागायतदारांस प्रथम समजावून द्यावी.