पासवर्ड आईकडे होता

नववीच्या पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की वर्गात दोन तट पडतात. एका बाजूला "बाई, तुम्हीच सांगा त्याला, आमचं ऐकत नाही" म्हणणारे हताश पालक. दुसऱ्या बाजूला बंदोबस्त करून निश्चिंत झालेले. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक आई उठल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे तो प्रश्नच नाही बाई. तिचा पासवर्ड माझ्याकडे असतो. ती झोपली की मी सगळं बघते." पाच-सहा माना कौतुकानं डोलल्या. मीही काही बोलले नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि त्यांची मुलगी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी माझ्याभोवती घुटमळू लागली. बाटली भरून झाली तरी जाईना. एका गेममध्ये ओळख झालेला कुणी 'दादा', त्याला पाठवलेला एक फोटो, आणि आता "आणखी पाठव, नाहीतर हा सगळ्यांना दाखवीन" अशी धमकी. अकरा दिवस ती हे एकटी घेऊन वावरत होती. आईला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आधी मोबाइल काढून घेईल, मग ऐकेल."

आई रोज रात्री जे खातं तपासत होत्या, ते आईला दाखवायचं खातं होतं. खरं खातं दुसरंच होतं.

पुढे सगळं मार्गी लागलं. आई आल्या, रडल्या, मुलीला जवळ घेतलं, रीतसर तक्रार झाली. पण तेव्हापासून पालकांशी बोलायला बसले की मला ती टाकी आठवते. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याच आठवणीतून.

आपल्या भाषेत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात, लक्ष ठेवणं आणि पाळत ठेवणं. लक्ष आपल्या माणसावर ठेवतात, पाळत संशयितावर. तान्ह्या बाळावर आपण लक्ष ठेवतो आणि ते त्याला कळतं, म्हणून ते निर्धास्त खेळतं. पाळत मात्र समोरच्याला कळू द्यायची नसते. मूल झोपल्यावर त्याचा मोबाइल उघडणारा हात प्रेमाचाच असतो, पण मुलाला ते कळतं त्या दिवशी तो हात त्याच्या लेखी पहारेकऱ्याचा होतो. मग मूल दुसरं खातं उघडतं.

मुलांवर आधीच एक पाळत आहे आणि ती आपल्यापेक्षा फार तरबेज आहे. पंगतीतला मुरलेला वाढपी आठवून बघा. तो विचारत नाही, पानाकडे बघतो. कुणाची जिलेबी आधी संपली, कुणी भाजी बाजूला सारली, हे हेरून पुढच्या फेरीत तो त्याप्रमाणे वाढतो. मोबाइलवरचं फीड म्हणजे असाच वाढपी. मुलानं काय शोधलं एवढंच तो बघत नाही, तर कोणत्या व्हिडिओवर बोट किती सेकंद थबकलं, कोणता दोनदा पाहिला, कोणता अर्ध्यात सोडला, हेही टिपतो. मागच्या पावसाळ्यात मी एका ॲपवर गुडघेदुखीचा एकच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. काही शोधलं नव्हतं, लाइक केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या फीडमध्ये तेलं, पट्टे आणि गुडघे बदलून घेतलेल्या आजीबाईच उरल्या होत्या. पन्नाशीच्या बाईचं फार बिघडत नाही. पण एखाद्या उदास रात्री उदास व्हिडिओवर थबकलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पानात हा वाढपी पुढे काय वाढेल, याचा विचार करा.

शिवाय ही पंगत उठत नाही. पूर्वी पान संपायचं, 'पुढे' असं बटण यायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये डिझायनर एझा रास्किन यांनी पान संपूच न देणारी रचना तयार केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. यूट्यूबवर लोक जेवढा वेळ व्हिडिओ बघतात, त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारस होऊन पुढे आलेल्या व्हिडिओंवर जातो, असं त्या कंपनीच्या नील मोहन यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं. फेसबुकनं २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये त्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आलं. वाढप्याला जेवणाऱ्याच्या पोटाची काळजी नसते, माणूस पानावरून उठू नये एवढीच त्याची धडपड. आपण बसलो तरच जाहिराती दिसतात आणि जाहिरातींवर त्याचा पगार निघतो.

आता जरा अवघड बोलते. या व्यवहारात पहिलं खोटं कुणी सांगितलं? बहुतेक घरांत आपणच. एसटीत हाफ तिकीट काढताना मुलाचं वय कमी करणारे आपण, खातं उघडून देताना ते वाढवतो. बहुतेक समाजमाध्यमांवर खात्यासाठी किमान १३ वर्षांची अट आहे. तिचं मूळ मुलांच्या माहितीविषयीच्या १९९८ च्या अमेरिकन कायद्यात आहे. पाचवीतलं पोर हट्ट करतं आणि आपण जन्मसाल २००५ टाकून मोकळे होतो. त्याचा परिणाम काय होतो ते बघा. इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली, २०२५ च्या फेब्रुवारीत ती भारतातही सुरू झाली. त्यात खातं आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणसाला परस्पर मेसेज टाकता येत नाही, तासाभरानं 'आता थांब' अशी आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प राहतात. पण तुमचा मुलगा कागदोपत्री विशीतला असेल तर यातलं काहीच आपोआप त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय तो एक धडाही शिकला आहे, की मोबाइलवर खोटं बोललेलं आईबाबांना चालतं.

कायद्याचंही तेच होतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, त्याच्या वागण्यावर नजर ठेवून त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो कायदा म्हणतो. ही कलमं टप्प्याटप्प्यानं अंमलात येत आहेत. पण संमती मागणाऱ्या चौकटीवर न वाचता 'मान्य' दाबणारा अंगठा आपलाच असेल, तर कायदा तरी किती पुरणार?

"बाई, पण मुलाच्या जिवावर बेतलं तर? तेव्हाही खासगीपणा?" हा प्रश्न मला दर सभेत येतो आणि तो रास्त आहे. लंडनच्या हॅरो भागातली मॉली रसेल नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. प्रेमळ घर, सजग आईवडील. तिच्या मृत्यूची चौकशी सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं इन्स्टाग्रामवर लाइक केलेल्या, जपून ठेवलेल्या वा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांविषयी होत्या. त्यातलं काही तिनं मागितलेलंही नव्हतं, ते तिच्यापुढे आणून ठेवलं गेलं, असं चौकशी अधिकारी अँड्र्यू वॉकर यांनी नोंदवलं. तिच्या मृत्यूला ऑनलाइन मजकुराचा हातभार लागला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही गोष्ट कुणा आईवडिलांना दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या घरात सगळं ठीक दिसतं त्यांनीही वाढप्याकडे बघायला हवं, म्हणून सांगते. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्रमैत्रिणी सुटल्या, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलणं कानावर आलं, तर तिथे खासगीपणा थांबतो आणि जीव आधी येतो. तेव्हा मोबाइल जरूर बघा. पण मुलीच्या समोर, तिला सांगून: "मला तुझी काळजी वाटते आहे, म्हणून मी हे बघणार आहे." आणि बघून थांबू नका, तिला मदतीपर्यंत न्या. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे सरकारी क्रमांक विनाशुल्क आहेत. धमकी, फोटो असं प्रकरण असेल तर १९३० वर फोन करता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभागही आहे. घाबरून मेसेज पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.

एरवीच्या दिवसांसाठी मला विहीर आठवते. आमच्या गावी पोहायला शिकवायचे ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पहिले काही दिवस बाबा स्वतः पाण्यात असायचे. मग डबा सुटला, बाबा पायरीवर बसले. मग एक दिवस आम्ही मैत्रिणी मिळून जाऊ लागलो आणि बाबा फक्त विचारायचे, "कुठल्या विहिरीवर?" मोबाइलचंही वयाप्रमाणे तसंच. आठ वर्षांच्या मुलाला तुमच्या शेजारी बसून, तुमच्याच खात्यावर बघू द्या. बारा-तेराव्या वर्षी नियम दोघांनी मिळून ठरवा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीच्या मैत्रिणीशी झालेल्या गप्पा मुलीच्याच राहू द्या. कुठली विहीर, एवढं मात्र विचारत राहा.

आणि आपल्या स्वतःच्या ओंजळीकडेही बघा. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी आपल्या स्टेटसवर गुणपत्रिका झळकते. त्यावर मुलीचं पूर्ण नाव, आसन क्रमांक आणि आईचं नाव असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल बघायला आसन क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं. म्हणजे किल्ली आपणच कुलपाला लटकवून ठेवतो. "तिला विचारलंत का टाकताना?" असं म्हटलं की बहुतेक पालक हसतात. मुलीला मात्र हसू येत नाही. खासगीपणाचा पहिला धडा तिला आपण द्यायचा असतो, फोटो टाकण्याआधी "टाकू का?" असं विचारून. ती नको म्हणाली तर न टाकून.

स्वतःपासून सुरुवात करणारं एक गावही आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये एक रीत पाडली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. मला त्यात भावतं ते हे, की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. बाबांच्या हातात मोबाइल आणि मुलाच्या हातात पुस्तक, अशी फाळणी त्या दीड तासात नाही.

तुमच्या घरात भोंगा नसेल, पण रविवारची दुपार आहे. मुलाशेजारी बसा. त्याचं खरं जन्मसाल दोघं मिळून नोंदवा. नको ते पुढे आलं की 'रस नाही' दाबायला शिकवा, स्वतःही शिका. पाहिलेल्याचा इतिहास पुसता येतो, इन्स्टाग्रामवरच्या शिफारशी नव्यानं सुरू करता येतात, फक्त ओळखीच्यांच्या पोस्ट दिसाव्यात असंही करता येतं. पानावर आडवा हात धरायची ही युक्ती आहे आणि ती मुलांना आपल्यापेक्षा लवकर जमते. त्याच दुपारी एक शब्दही द्या: "तू येऊन सांगितलंस तर मोबाइल काढून घेणार नाही. आधी ऐकेन." तो पाळा. पाण्याच्या टाकीपाशी मला जे ऐकायला मिळालं, ते खरं तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी सांगितलं जायला हवं होतं.

म्हणून आज रात्री जेवणं आटोपली की मुलाचा मोबाइल मागू नका. आपला त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "बघ बरं, हा मला दिवसभर काय काय दाखवतो." तो हसेल, तुमच्या गुडघ्याच्या तेलांची टिंगल करील. करू दे. थोड्या वेळानं आपला दाखवील. नाही दाखवला, तर उद्या पुन्हा तुमचाच द्या.